अपेंडिक्सची जेली: रिपोर्टवरचं नाव, ऑपरेशन आणि वर्षांचे आकडे

गोदातीर · रात्री ९:१२

"स्यूडोमिक्सोमा पेरिटोनी" लिहिलेला रिपोर्ट हातात पडला की आपल्याकडं दोन टोकांची वाक्यं ऐकू येतात. "पोटभर पसरलंय, घरी घेऊन जा." नाहीतर "नुसती जेली आहे, कॅन्सर नाही, काढली की मोकळे." या दोन वाक्यांपायी होणारं नुकसान नंतर भरून निघत नाही, म्हणून हा धागा. पोटातले बाकीचे कॅन्सर इथं नकोत, फक्त हाच, ज्याला थोडक्यात पीएमपी म्हणतात.

दहातल्या नऊहून जास्त रुग्णांत मूळ अपेंडिक्समध्ये असतं. आतल्या अस्तरावर म्यूसिन म्हणजे बुळबुळीत चिकट द्रव तयार करणारी गाठ वाढते, तोंड बंद होतं, अपेंडिक्स फुग्यासारखं ताणतं आणि एक दिवस भिंतीतून गळतं. जेलीबरोबर पेशीही बाहेर येतात. या पेशींना एका जागी चिकटायची खोड कमी. पोटातला द्रव जसा फिरतो तशा त्या फिरतात आणि तो जिथं शोषला जातो किंवा साचतो तिथं मुक्काम करतात: उजव्या डायफ्रामखाली, ओमेंटमवर (आतड्यांवरचा चरबीचा पदर), ओटीपोटाच्या तळाशी, मोठ्या आतड्याच्या दोन्ही बाजूंच्या पन्हाळींत. लहान आतडं सारखं हलत असतं, म्हणून ते बराच काळ वाचतं. हा आजार पोटभर असूनही ऑपरेशनला दाद देतो तो यामुळंच. पेशी रक्तातून लिव्हरमध्ये किंवा फुप्फुसात जाणं विरळ.

युरोपातल्या नोंदींनुसार वर्षाला दहा लाखांत १ ते ४ रुग्ण. २०११ च्या जनगणनेत मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांची लोकसंख्या १ कोटी ८७ लाख होती. तोच दर इथं लावला तर वर्षाला वीस ते पंच्याहत्तर नवे रुग्ण निघायला हवेत. तेवढे या नावानं निघत नाहीत. ते कुठल्या नावाखाली फिरतात, त्यावर रेडिओलॉजीवाल्यांनी लिहावं.

काळीपांढरी_फिल्म · रात्री ९:५०

तीन नावांखाली: पोटाचा टीबी, ओव्हरीचा कॅन्सर आणि "जलोदर, कारण अस्पष्ट".

पेशंट म्हणतो, "पोट फुगायलंय, पण हातपाय वाळायलेत." सोनोग्राफीत द्रव दिसतो, टीबी आपल्याकडं घरोघरी माहितीचा, गोळ्या सुरू. इथं थांबून बघायच्या गोष्टी:

सोनोग्राफीत रुग्णाला कुशीवर वळवा. साधं पाणी असेल तर ते खाली वाहतं आणि आतडी वर तरंगतात. जेली असेल तर आतले ठिपके जागचे हलत नाहीत, आतडी मागं आणि मध्याकडं ढकललेली राहतात. सुई घातली तर काही येत नाही. १८ नंबरच्या सुईतून कोरफडीचा गर ओढायचा प्रयत्न करून बघा, म्हणजे "ड्राय टॅप" का होतो ते कळेल. द्रव दिसतोय आणि सुईत येत नाही, एवढ्यावरच सीटी सांगायला हवा.

सीटी शिरेतून कॉन्ट्रास्ट देऊन करा. लिव्हरच्या आणि प्लीहेच्या कडेवर नखानं दाबल्यासारख्या खोलग्या दिसतात, त्याला स्कॅलपिंग म्हणतात. साधं पाणी लिव्हरभोवती पसरतं, तिला दाबत नाही. ओमेंटमची जाड वडी झालेली असते. टीबीत याउलट मेसेंटरीतल्या (आतड्यांना धरून ठेवणाऱ्या पडद्यातल्या) लिम्फच्या गाठी मोठ्या आणि मधून काळ्या, आणि लहान-मोठ्या आतड्याचा सांधा जाड. पीएमपीत गाठी जवळजवळ नसतातच. अपेंडिक्सची जाडी १५ मिलिमीटरच्या वर असेल तर म्यूकोसीलचा (जेलीनं फुगलेल्या अपेंडिक्सचा) संशय रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहा, "नोटेड" लिहून सोडू नका.

पेटस्कॅन मागवायची घाई नको. कमी ग्रेडच्या जेलीत पेशी इतक्या थोड्या असतात की पेट जवळपास रिकामा येतो आणि घरचे म्हणतात, "कॅन्सर नाही निघाला." पंधरा-वीस हजार जातात, वर खोटा दिलासा.

मांजराकाठ · रात्री १०:०५

एस्किव्हेल आणि शुगरबेकर यांच्या मालिकेत पहिली लक्षणं अशी होती: अपेंडिसायटिससारखं दुखणं २७ टक्के, पोटाचा घेर वाढणं २३ टक्के, नव्यानं आलेला हर्निया १४ टक्के. हर्नियाचं कुणी ध्यानात घेत नाही. पिशवीत चिकट द्रव निघाला तर तो पुसून टाकायचा नसतो. पिशवी फॉर्मॅलिनमध्ये घालून पाठवायची आणि पोटाचा सीटी करायचा.

एक प्रश्न. रिपोर्टमध्ये एकीकडं "लॅमन", दुसरीकडं "डीपॅम", तिसरीकडं "स्टेज चार". एकाच माणसाला तीन आजार का?

स्लाईडवाली · रात्री ११:२०

आजार एकच, नावं वेगवेगळ्या काळातली आणि वेगवेगळ्या जागेची. जरा लांबण लागेल.

१८८४ मध्ये वेर्थनं हे नाव दिलं तेव्हा मूळ ओव्हरीत आहे असं धरलं होतं. तो समज पुढं शंभर वर्षं टिकला. १९९५ मध्ये रॉनेट आणि सहकाऱ्यांनी तीन खाने पाडले: डीपॅम म्हणजे पेशी थोड्या, शांत, जेली भरपूर, पीएमसीए म्हणजे उघड कार्सिनोमा, आणि दोन्हींच्या मधला एक. २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं लो ग्रेड आणि हाय ग्रेड असे दोनच ठेवले. २०१६ मध्ये पीएसओजीआय या आंतरराष्ट्रीय गटानं एकमतानं चार केले, आज वापरायचे ते हे:

पहिला, पेशी नसलेली जेली. दुसरा, लो ग्रेड म्यूसिनस कार्सिनोमा पेरिटोनी. जुना डीपॅम तो हाच. तिसरा, हाय ग्रेड, म्हणजे जुना पीएमसीए. चौथा, हाय ग्रेड आणि सोबत सिग्नेट रिंग पेशी. २०१९ च्या वर्गीकरणात दुसऱ्या-तिसऱ्या-चौथ्याला ग्रेड १, २, ३ म्हटलंय.

"लॅमन" हे पोटातल्या जेलीचं नाव नव्हे. ते अपेंडिक्समधल्या मूळ गाठीचं: लो ग्रेड अपेंडिसियल म्यूसिनस निओप्लाझम. त्यात पेशी भिंतीत घुसत नाहीत, भिंतीला ढकलतात. खालचा स्नायूचा पापुद्रा नाहीसा होतो, त्या जागी तंतू येतात. म्हणून रिपोर्टमध्ये दोन ओळी हव्यात: अपेंडिक्समध्ये काय, पेरिटोनियमवर (पोटाच्या आतल्या अस्तरावर) काय. दोन्ही जुळतीलच असं नाही. अपेंडिक्समध्ये लॅमन आणि पोटात हाय ग्रेड असं निघालं तर उपचार पोटातल्या ग्रेडप्रमाणं.

ग्रॉसिंग (काढलेला भाग कापून तपासणीला तुकडे घेणं) करणाऱ्यांसाठी: अपेंडिक्स टोकापासून बुडापर्यंत सगळं घ्या, तीन तुकड्यांवर भागवू नका. बुडाची कड वेगळी. कापताना सुरीला लागून आतली जेली बाहेरच्या पृष्ठभागावर येते आणि मग "फुटलेलं" असा रिपोर्ट जातो. खरी बाहेर आलेली जेली असेल तर तिच्याभोवती सूज, नव्या रक्तवाहिन्या, मेसोथेलियल पेशींची हालचाल दिसते. सुरीनं ओढलेली नुसतीच पडलेली असते. आणि बाहेरच्या जेलीत पेशी आहेत की नाहीत हे लिहिल्याशिवाय रिपोर्ट सोडू नका. पुन्हा उद्भवण्याचा धोका या एका शब्दावर कितीतरी पटींनी बदलतो.

सिग्नेट रिंगबद्दलही जपून. जेलीत तरंगणाऱ्या, सुजून गोल झालेल्या मरणपंथाच्या पेशी तशाच दिसतात. ऊतीत घुसलेल्या असतील तरच वजन द्या.

"म्यूसिनस सिस्टॲडेनोमा" हे नाव आता बाद आहे. फुटलेल्या अपेंडिक्सच्या रिपोर्टवर ते दिसलं तर स्लाईड दुसऱ्याकडून वाचून घ्या.

स्टेजचं उत्तर: आठव्या आवृत्तीच्या टीएनएममध्ये (कॅन्सरची स्टेज ठरवायची पद्धत) पोटात जेली पसरलेली असली की, पेशी असोत वा नसोत, स्टेज चार. बिनपेशींची जेली किंवा ग्रेड १ असेल तर ४-ए. ग्रेड २-३ पोटात असेल तर ४-बी. पोटाबाहेर गेलं तर ४-सी. जठराच्या, स्वादुपिंडाच्या कॅन्सरात "स्टेज चार" ऐकून जो अर्थ मनात येतो तो ४-ए च्या पीएमपीला लागू नाही. हे रिपोर्ट देणाऱ्यानंच तोंडी सांगावं. कागद वाचून घरचे अर्धे होतात.

बालाघाट · सकाळी ६:३५

स्लाईडवाली ताई, ओव्हरीचं तेवढं सांगा. आपल्याकडं बाईच्या पोटात जेली आणि ओव्हरीत गाठ निघाली की गर्भपिशवीसह सगळं काढून ओव्हरीचा कॅन्सर म्हणून सलाईनमधून केमो सुरू होतो.

स्लाईडवाली · सकाळी ७:१०

दोन्ही ओव्हऱ्यांत म्यूसिनस गाठ आणि पोटात जेली असेल तर अपेंडिक्स हाच पहिला संशयित, तो वरून नॉर्मल दिसला तरी. काढून पूर्ण तपासायचा. स्लाईडवर रंगवून बघायच्या मार्करपैकी सीके २०, सीडीएक्स २, एसएटीबी २ पॉझिटिव्ह आणि सीके ७ बहुधा निगेटिव्ह आलं तर दिशा अपेंडिक्सकडं. टेराटोमातून निघालेली ओव्हरीची म्यूसिनस गाठही असाच नमुना देते. म्हणून नुसत्या मार्करवर निकाल नको, अपेंडिक्स हातात हवं. रक्तातलं सीए १२५ वाढलेलं असणं काही सिद्ध करत नाही. सीईए, सीए १९-९ आणि सीए १२५ तिन्ही एकदम करा. पुढं तुलनेला लागतात.

बालाघाट · सकाळी ८:०२

मग तालुक्याच्या थिएटरात अचानक सापडलं तर काय करायचं ते लिहितो. पुढची वर्षं इथं ठरतात.

अपेंडिक्स फुगलेलं पण अखंड असेल: त्याला ग्रास्परनं पकडू नका, मेसोअपेंडिक्स धरा. बुडाशी सीकमची (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीची) पातळ कड घेऊन स्टेपल करा, पिशवीत घालूनच बाहेर काढा. दुर्बिणीतून जमत नसेल तर लाज न बाळगता उघडा. फुटलेल्या म्यूकोसीलपेक्षा दहा सेंटिमीटरची चीर कधीही स्वस्त. मग डायफ्रामखाली, ओटीपोटात, ओव्हरीवर नजर फिरवा, आणि जे दिसलं आणि जे नाही दिसलं ते दोन्ही नोटमध्ये लिहा.

जेली पोटभर असेल: बायोप्सी घ्या आणि बंद करा. ओमेंटमचा तुकडा, थोडी जेली, सहज निघत असेल तर अपेंडिक्स. गर्भपिशवी नाही, उजवं आतडं नाही, "जमेल तेवढं काढतो" तर नाहीच. कारण असं की या आजारात पेरिटोनियम हाच कुंपणाचा बांध. आजार त्याच्या आतल्या बाजूला असतो. बांध फोडला की पेशी उघड्या मांसात बसतात, जखम भरताना व्रणात गाडल्या जातात आणि लहान आतडी एकमेकांना चिकटतात. पुढच्या सर्जनला मग हलणारं, वाचलेलं आतडं मिळत नाही. डायग्नोस्टिक दुर्बीण घालायचीच असेल तर पोर्ट मधल्या रेषेत ठेवा. नंतर ती रेषा चिरेतच काढून टाकता येते, कुशीतलं भोक काढता येत नाही.

अपेंडिक्स काढल्यावर लॅमन निघालं आणि बूड साफ असेल तर उजवी हेमिकोलेक्टॉमी (मोठ्या आतड्याचा उजवा भाग काढणं) लागत नाही. लॅमन लिम्फच्या गाठींत सहसा जात नाही. घुसणारा ॲडेनोकार्सिनोमा असेल तर गोष्ट वेगळी.

वॉर्डसिस्टर · सकाळी ८:१५

आणि तुकडे सलाईनमध्ये नको, फॉर्मॅलिनमध्ये. रोज सांगावं लागतं.

गोदातीर · दुपारी २:४०

आता मुख्य ऑपरेशन, म्हणजे सायटोरिडक्टिव्ह सर्जरी, सीआरएस: दिसणारा सगळा आजार काढणं. त्यानंतर पोटात गरम केमो फिरवतात, ते हायपेक. वॉशिंग्टनच्या पॉल शुगरबेकर यांनी १९९५ मध्ये पेरिटोनियम सोलून काढायच्या पद्धती नीट मांडल्या, आजचं काम बहुतेक त्यावरच चालतं.

आजार मोजायला पीसीआय (पेरिटोनियल कॅन्सर इंडेक्स). पोटाचे ९ आणि लहान आतड्याचे ४, असे १३ भाग. प्रत्येकाला ० ते ३ गुण: काही नाही तर ०, अर्ध्या सेंटिमीटरपर्यंत १, पाच सेंटिमीटरपर्यंत २, त्याहून मोठं किंवा एकमेकांत मिसळलेलं असेल तर ३. कमाल ३९. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरात पीसीआय २० च्या वर गेला की सर्जन हात आखडता घेतात. लो ग्रेड पीएमपीत ३० असूनही पूर्ण सफाई होऊ शकते. इथं एकूण आकड्यापेक्षा ९ ते १२ या आतड्याच्या भागांचे गुण बघा. सीटी तिथंच सगळ्यात जास्त फसवतो.

चीर छातीच्या हाडाच्या टोकापासून प्यूबिसपर्यंत, बेंबी आणि जुना व्रण कापून टाकत. मोठं ओमेंटम आधी, म्हणजे जागा होते. मग उजव्या डायफ्रामवरचं पेरिटोनियम सोलत लिव्हर मोकळी करायची. गरज असेल तिथं लिव्हरचं वरचं आवरणही. डावीकडं तेच, प्लीहेसह. पित्ताशय आणि लहान ओमेंटम. शेवटी ओटीपोटाचं अस्तर. बायकांत बहुधा गर्भपिशवी आणि ओव्हऱ्या, कधी रेक्टमचा वरचा भाग. उजवं मोठं आतडं लागलं तरच. हत्यार म्हणजे गोल टोकाचं डायथर्मी, करंट जास्त ठेवून; धूर इतका होतो की ओढून घ्यायची सोय नसेल तर करू नये. आठ ते बारा तास धरा.

निसटणाऱ्या जागा ठरलेल्या: लिव्हरखालचा राउंड लिगामेंटचा बोगदा, ओमेंटल बर्सा, कॉडेट लोबच्या मागं, पायलोरसच्या खाली, ट्राइट्झच्या लिगामेंटपाशी. पहिल्या ऑपरेशनात इथं बघितलं नाही तर दुसरं तिथूनच सुरू होतं.

संपल्यावर किती उरलं ते सांगणारा सीसी स्कोअर: काही न दिसणं सीसी-०, अडीच मिलिमीटरच्या आत उरलं सीसी-१, अडीच सेंटिमीटरपर्यंत सीसी-२, त्याहून जास्त सीसी-३. पीएमपीत ०-१ ला पूर्ण मानतात, कारण गरम औषध दोन-तीन मिलिमीटरच आत झिरपतं. डिस्चार्ज कार्डावर हा आकडा नसेल तर मागून घ्या. "मॅक्सिमम डीबल्किंग डन" या शब्दांवरून पुढं काहीच ठरवता येत नाही.

थांबायचं कधी: मेसेंटरी आखडून लहान आतड्यांचा घोस झाला असेल, काढल्यावर दीड मीटरहून कमी आतडं उरणार असेल, किंवा लिव्हरच्या दारात आजार घट्ट बसला असेल. तरीही जठर दाबणारी जेली काढून, ओमेंटम आणि लागलं तर मोठं आतडं काढून जेवता येईल इतकी मोकळीक करता येते. त्याचे आकडे खाली.

भूलवाला · संध्याकाळी ५:२०

हायपेकबद्दल भूल देणाऱ्याच्या बाजूनं. सोलून झाल्यावर पोटात एक आत जाणारी आणि तीन-चार बाहेर येणाऱ्या नळ्या, मध्ये पंप आणि हीट एक्स्चेंजर. पोटात ४१ ते ४३ अंश टिकवायचे तर आत जाणारा द्रव त्याहून थोडा गरम लागतो. प्रोब तीन ठिकाणी ठेवा: आत जाताना, डायफ्रामखाली, ओटीपोटात. एकाच प्रोबवर विसंबलं तर एका कोपऱ्यात आतडं भाजतं आणि दुसऱ्यात औषध कोमट राहतं.

सोलताना रुग्ण थंड पडतो, हायपेकमध्ये तापतो. म्हणून सुरू व्हायच्या अर्धा तास आधीच वॉर्मर बंद, थंड सलाईन तयार, मानेभोवती बर्फ. अंगाचं तापमान ३९ च्या पुढं जाऊ लागलं तर सर्जनला सांगून आत जाणारा द्रव थंड करा. त्या तासात लघवी तासाला किलोमागं २ मिलिलिटरपर्यंत ठेवायचा प्रयत्न करतो आम्ही.

रक्तस्राव एका जागी नसतो, सोललेल्या सगळ्या पृष्ठभागावरून झिरपत राहतो. रक्ताच्या पिशव्यांइतकंच प्लाझ्मा आणि क्रायो (रक्त गोठवणारे घटक असलेला रक्ताचा भाग) लागतं, फायब्रिनोजेन वरचेवर तपासावं लागतं. क्रायो रात्री आठला मिळेल का, हे सकाळी आठला विचारा.

औषधं_आणि_हिशेब · संध्याकाळी ६:०५

औषध बहुधा मायटोमायसिन सी. उष्णतेत टिकतं, पोटातून रक्तात हळू जातं. मात्रेवर जगभर एकमत नाही: कुठं चौरस मीटरला १० मिलिग्रॅम आणि ६० मिनिटं, कुठं १५ आणि ९०, डच पद्धतीत ३५ मिलिग्रॅम, तीन हप्त्यांत (निम्मं, मग पाव, मग पाव, अर्ध्या-अर्ध्या तासानं). १६० सेंटिमीटर, ५५ किलोच्या बाईचा पृष्ठभाग १.५६ चौरस मीटर. म्हणजे एका पद्धतीनं सुमारे १६ मिलिग्रॅम, दुसरीनं ५५. म्हणून "मायटोमायसिन दिलं" एवढं लिहून भागत नाही. मिलिग्रॅम, लिटर, मिनिटं तिन्ही लिहा.

वजन काट्यावरचं घेऊ नका. त्याच बाईच्या पोटात आठ किलो जेली असेल तर काटा ६३ दाखवेल आणि ३५ च्या हिशेबानं चार मिलिग्रॅम जास्त जाईल. त्याचा भुर्दंड आठवड्याभरानं पांढऱ्या पेशी पडतात तेव्हा भरावा लागतो. द्रावण जांभळट निळं असतं. सांडलं तर साधा पोछा नको, सायटोटॉक्सिक स्पिल किट. ४८ तास लघवी आणि ड्रेन दुहेरी हातमोज्यांनीच हाताळायचे.

मांजराकाठ · संध्याकाळी ६:३०

पण हायपेकचा फायदा सिद्ध कुठं झालाय? हायपेकसह आणि हायपेकविना अशी तुलना करणारी यादृच्छिक चाचणी पीएमपीत एकही नाही. सफाईचाच सगळा गुण असेल तर मशीनचा खर्च कशाला?

गोदातीर · संध्याकाळी ७:१५

आक्षेप बरोबर. २०२१ मध्ये कुसामुरा आणि सहकाऱ्यांनी पीएसओजीआयच्या नोंदवहीतले १,९२४ रुग्ण तपासले: पाच वर्षांनी हायात ५७.८ टक्के हायपेकसह, ४६.२ टक्के नुसत्या सर्जरीनं. निरीक्षणाचा अभ्यास आहे, निवडीचा पक्षपात पुसून टाकायचा प्रयत्न केलाय, पूर्ण पुसला जात नाही. माझं मत असं: सीसी-०/१ झालं असेल तर हायपेक द्यावं. सीसी-३ वर देणं म्हणजे भिंत न बांधता रंग लावणं. मशीन आहे पण सोलणारा हात नाही अशा जागेपेक्षा, हात आहे आणि मशीन साधं आहे अशी जागा बरी.

बालाघाट · संध्याकाळी ७:४०

आयुर्मानाचे आकडे टाका आता. लोक फोनवर तेवढंच विचारतात.

गोदातीर · रात्री ९:००

टाकतो, पण प्रत्येकाबरोबर तो कुणाचा आहे हेही वाचा.

जुना काळ, नुसती वरचेवर जेली उपसणं: मेयो क्लिनिकच्या १९९४ च्या मालिकेत ५६ रुग्ण, पाच वर्षांनी ५३ टक्के, दहा वर्षांनी ३२. स्लोन केटरिंगच्या २००५ च्या मालिकेत ९७ रुग्ण, दहा वर्षांनी २१ टक्के. म्हणजे उपसण्यानंही वर्षं मिळतात, पण दर खेपेला पोट अधिक चिकटतं.

सीआरएस-हायपेक: चुआ आणि सहकारी, २०१२, सोळा केंद्रं, २,२९८ रुग्ण. मध्यक आयुर्मान १९६ महिने, दहा वर्षांनी ६३ टक्के, पंधरा वर्षांनी ५९. ऑपरेशनशी जोडलेले मृत्यू २ टक्के, मोठ्या गुंतागुंती २४ टक्के. हा दुसरा आकडा सही घेताना सांगायचाच. चारातल्या एकाला गळती, फिस्टुला, रक्तस्राव, पू किंवा पॅन्क्रियाच्या शेपटातून गळती, यातलं काहीतरी होतं.

सफाई किती झाली त्यावर: इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकच्या एक हजार रुग्णांत ७३८ जणांची पूर्ण सफाई झाली, त्यांचे पाच वर्षांचे ८७.४ आणि दहा वर्षांचे ७०.३ टक्के. २४२ जणांची जास्तीत जास्त उपसणी झाली, त्यांचे ३९.२ आणि ८.१. उरलेल्यांचं पोट उघडून बंद करावं लागलं. ८७ आणि ३९ मधलं सगळं अंतर सर्जनचं नव्हे. ज्यांचं पूर्ण होत नाही त्यांचा आजारही मुळात वाईट असतो.

ग्रेडवर: रॉनेट गटाच्या २००१ च्या पाठपुराव्यात डीपॅमचे पाच आणि दहा वर्षांचे ७५ आणि ६८ टक्के, पीएमसीएचे १४ आणि ३. एकाच "स्यूडोमिक्सोमा" नावाखाली एवढी दरी. म्हणून ग्रेड विचारल्याशिवाय फोनवर आकडा सांगू नका.

केमोबद्दल एका ओळीत: लो ग्रेडला शिरेतून केमोचा उपयोग दिसलेला नाही, हाय ग्रेड आणि सिग्नेटला फोलफॉक्ससारखं देतात, ऑपरेशनच्या आधी किंवा नंतर. ऑड्री हेपबर्न याच आजारानं जानेवारी १९९३ मध्ये गेल्या, नोव्हेंबर १९९२ च्या ऑपरेशननंतर तीन महिन्यांच्या आत. त्यांचं नाव घेऊन घाबरवणारे व्हिडिओ फिरतात, म्हणून लिहिलं. एका माणसाच्या तीन महिन्यांवरून दुसऱ्याचा हिशेब निघत नाही.

वॉर्डसिस्टर · रात्री १०:१०

घरी गेल्यावरचं कुणी लिहिलं नाही.

प्लीहा काढायची शक्यता असेल तर न्यूमोकॉकल, मेनिंगोकॉकल आणि हिब लस ऑपरेशनच्या किमान दोन आठवडे आधी. राहिलीच तर दोन आठवड्यांनी. पुढं आयुष्यभर, ताप आला की त्याच दिवशी डॉक्टर. "उद्या बघू" चालत नाही. रक्त पातळ ठेवायचं पोटातलं इंजेक्शन एकूण चार आठवडे, म्हणजे घरीही घ्यायचं. घरातल्या एकाला टोचायला शिकवून पाठवा.

इलिओस्टोमी (लहान आतड्याचं तोंड पोटावर काढून पिशवी लावणं) असेल तर मराठवाड्याचा उन्हाळा हा वेगळाच विषय. पिशवीतून दिवसाला दीड लिटरच्या वर जाऊ लागलं की मीठ आणि पाणी दोन्ही संपतं. मे महिन्यात घाम वरून. नुसतं पाणी जास्त प्यायलं तर उलट जास्त वाहतं. ओआरएस घोट-घोट, ताकात मीठ, भाताची पेज. जाड ज्वारीची भाकरी, शेंगदाणे, हरभऱ्याची पालेभाजी पहिले सहा आठवडे नको, पिशवीचं तोंड तुंबतं. पाय वळायला लागले, लघवी गडद आणि थोडी झाली तर वाट बघू नका. लहान आतड्याचा शेवटचा भाग गेला असेल तर बी-१२ चं इंजेक्शन विसरू नका.

मांजराकाठ · रात्री १०:३०

बाहेर पाठवताना कागद काय काय द्यायचे? आणि पैशाचं?

स्लाईडवाली · रात्री १०:५५

स्लाईड आणि पॅराफिन ब्लॉक दोन्ही. नुसता रिपोर्ट घेऊन परळला टाटा मेमोरियलला गेलं की ब्लॉक आणायला परत पाठवतात. नांदेडहून तपोवन नाहीतर देवगिरीनं रात्र-दिवसाचा खेटा होतो. ब्लॉक पॅराफिनचे असतात, मेण ५६-६० अंशांना वितळतं. मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, पिशवीत घालून अंगाजवळ ठेवा. पहिल्या ऑपरेशनची हस्तलिखित नोटही द्या, टाईप केलेली डिस्चार्ज समरी नव्हे. काय चिकटलं होतं ते तिथंच लिहिलेलं असतं. सीटीची सीडी डायकॉम फाईलसह. छापील फिल्मवर कुणी पीसीआय काढू शकत नाही.

औषधं_आणि_हिशेब · रात्री ११:१०

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत कवच आहे. पण ऑपरेशनचं पॅकेज, हायपेकचा ट्यूबिंग सेट आणि औषध एकाच मंजुरीत बसतात का, हे त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून भरती व्हायच्या आधी विचारा. रेशनकार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नसेल तर ते आधी दुरुस्त करा. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तहसीलला धावायची वेळ येते ती यामुळंच.

बालाघाट · रात्री ११:२५

परत उद्भवलं तर संपलं का?

गोदातीर · रात्री ११:४०

नाही. लो ग्रेडमध्ये दुसऱ्यांदा, कधी तिसऱ्यांदाही सफाई करतात, आणि पहिली सीसी-० झाली असेल तर ती झेपते. सुरुवातीला दर सहा महिन्यांनी रक्तातले मार्कर (सीईए, सीए १९-९, सीए १२५) आणि सीटी, पुढं वर्षाला. ऑपरेशनआधी वाढलेला मार्कर नंतर नॉर्मल होऊन पुन्हा चढू लागला तर सीटी साफ असला तरी लक्ष ठेवा.

काळीपांढरी_फिल्म · सकाळी ७:०५

फॉलोअपचा सीटी वाचताना एक चूक नेहमी होते. नवी फिल्म मागच्या फिल्मशी ताडतात. लो ग्रेड जेली इतकी सावकाश वाढते की सहा महिन्यांत फरक दिसतच नाही, प्रत्येक रिपोर्टवर "नो सिग्निफिकंट चेंज" पडत जातं आणि चार वर्षांनी लिव्हरखाली मूठभर गोळा असतो. ऑपरेशननंतरचा पहिला, तीन महिन्यांचा सीटी सीडीवर जपून ठेवायला सांगा, आणि दर वेळी त्याच्याशीच ताडा.